आधी लग्नाचा दाखला

सकाळी ६:३०

पोर्तुगीज दिवाणी संहितेत २५३८ कलमं आहेत. एका दिवसात शिकवायची तर काटछाट करावीच लागते, आणि माझी काटछाट ठरलेली आहे: लग्नानं होणारी सामाईक मालमत्ता, मृत्युपत्र, वारसा आणि इन्व्हेंटरी. बाकीचं ज्याला लागेल त्यानं पुस्तक उघडावं. चहाचा कप बाजूला ठेवून मी झेरॉक्सचे गठ्ठे लावते. प्रत्येकाला एक जुना दस्त, एक गणित आणि एक कोरा कागद. पीपीटी नाही. ती लावली की माणसं मोबाइलनं फोटो काढतात आणि ऐकायचं थांबतात.

मी मडगावला वकिली करते. महाराष्ट्रातून आणि केंद्राच्या खात्यांतून सरकारी विधी अधिकारी अधूनमधून गोव्याचा कायदा समजून घ्यायला येतात, त्यांचा एक दिवस माझ्या वाट्याला येतो. आजच्या गटात सिंधुदुर्गातले दोन दुय्यम निबंधक, कोल्हापूरकडचे एक सहायक सरकारी वकील, मुंबईहून दोन विधी अधिकारी आणि आयकर खात्यातल्या एक बाई आहेत. सगळे कायदा शिकलेले, बहुतेकांची वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेली. नवख्या मुलांना शिकवणं सोपं असतं. या लोकांना हिंदू उत्तराधिकार कायदा झोपेतही पाठ असतो, आणि तोच दिवसभर आडवा येतो.

सकाळी ९:३०

इतिहास पंधरा मिनिटांत उरकते. लिस्बनमध्ये १८६७ साली ही संहिता मंजूर झाली. विश्कोंद द सेआब्रा या कायदेपंडितानं तिचा मसुदा केला, म्हणून जुने वकील तिला त्याच्याच नावानं ओळखतात. १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकुमानं ती समुद्रापारच्या वसाहतींना लावली गेली, आणि गोव्यात १ जुलै १८७० पासून अमलात आली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. पुढच्याच वर्षी संसदेनं केलेल्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमानं, रद्द होईपर्यंत किंवा बदलेपर्यंत इथले जुने कायदे चालू राहतील असं ठरवलं. खुद्द पोर्तुगालनं १९६६ मध्ये नवी संहिता केली. म्हणजे तिथं जी मोडीत निघाली, ती आम्ही अजून चालवतो. वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरीपुरता गोवा विधानसभेनं २०१२ चा स्वतंत्र कायदा केला आणि तो डिसेंबर २०१६ मध्ये लागू झाला, पण त्याचा सांगाडा जुनाच आहे.

कोल्हापूरचे वकीलसाहेब हात वर करतात. "मॅडम, हे सगळं गोव्यापुरतं. आम्हाला कशाला?"

हा प्रश्न यायलाच हवा. आला नाही तर मी स्वतः काढते. उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात आहे: जोझे पावलो कुतिन्हो विरुद्ध मारिया लुइझा व्हालेंतिना परेरा. एका गोमंतकीय गृहस्थाची मुंबईत मालमत्ता होती, ती त्यानं मृत्युपत्रानं एका मुलीला दिली होती. त्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा लावायचा की पोर्तुगीज संहिता, हा वाद. न्यायमूर्ती दीपक गुप्ता आणि अनिरुद्ध बोस यांच्या खंडपीठानं सांगितलं की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठंही असो, वारसा गोव्याच्या कायद्यानं ठरेल. तेव्हा सावंतवाडीतला फ्लॅट, दोडामार्गातली काजूची बाग, पुण्यातलं दुकान हे सगळं यात येतं. आणि त्याचं खरेदीखत नोंदणीला येतं तुमच्या टेबलावर.

सावंतवाडीकडच्या निबंधक बाई वहीत काहीतरी भराभर लिहितात. त्यांच्याकडे गोव्यातल्या पेडण्याचे लोक रोज येत असणार.

सकाळी १०:१५

आता गणित. पेडण्याचा एक माणूस, लग्न गोव्यात नोंदवलेलं, विवाहपूर्व करार नाही. लग्नानंतर स्वतःच्या पगारातून सावंतवाडीत फ्लॅट घेतला, खरेदीखतावर एकट्याचं नाव. किंमत धरा ४० लाख. बायको, एक मुलगा, दोन मुली. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की सगळं मुलाला. कोणाला किती?

कोल्हापूरकर एका मिनिटात पेन खाली ठेवतात. स्वकष्टार्जित मालमत्ता, मृत्युपत्र वैध, मुलाला ४० लाख. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बरोबर उत्तर आहे, शंभरपैकी शंभर.

मग मी फळ्यावर मांडते. गोव्यात लग्नाची सही झाली की, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोचं सगळं एकत्र होतं: लग्नाआधीचं, नंतरचं, माहेरचं, सासरचं. म्हणून फ्लॅटचे २० लाख मुळातच बायकोचे. ते तिला नवऱ्याकडून वारशानं मिळत नाहीत, तिचेच आहेत. मुलं असताना ती नवऱ्याची वारस नसतेच. उरलेले २० लाख नवऱ्याचे. त्यातला निम्मा भाग मुलांसाठी राखीव, त्याला बाप हात लावू शकत नाही. ते १० लाख तिघांत समान, म्हणजे प्रत्येकी ३ लाख ३३ हजारांच्या आसपास. राहिले १० लाख, एवढ्याचंच मृत्युपत्र चालेल. मुलाला मिळून १३ लाख ३३ हजार.

"म्हणजे ४० लाखांच्या मृत्युपत्रात जीव किती? १० लाखांचा," मुंबईचे एक अधिकारी म्हणतात. असं कोणी स्वतःच्या तोंडानं म्हटलं की मला बरं वाटतं. फळ्यावरचं माणूस विसरतो, आपण बोललेलं विसरत नाही.

मग एक चिमटा काढते. बाप जिवंत आहे आणि त्याला फ्लॅट मुलालाच विकायचाय, रीतसर पैसे घेऊन. चालेल? सगळे म्हणतात, का नाही? कलम १५६५ म्हणतं, बाकीच्या मुलांच्या संमतीशिवाय नाही. आणि कलम १११९ म्हणतं, स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर नवरा-बायको दोघांची संमती हवी, खतावर नाव कोणाचंही असो. निबंधक बाई पेन थांबवून विचारतात, "मग आम्ही खरेदीखत घेताना बघायचं तरी काय?"

"आधी लग्नाचा दाखला. सातबारा नंतर."

आजच्या दिवसाचं सार एवढंच आहे, आणि नेमकं तेवढंच पचायला जड जातं. महाराष्ट्रात वीस वर्षं महसुलाचे नि नोंदणीचे कागद चाळलेला अधिकारी आधी जमीन कोणाची ते बघतो. इथं जमीन कोणाची हे माणूस कोणाशी, कधी आणि कोणत्या कराराखाली लग्न करून बसलाय त्यावर ठरतं.

सकाळी ११:४५

चालतच दिवाणी न्यायालयात जातो. आज एका इन्व्हेंटरीत लिसिटेशन आहे, न्यायाधीशांच्या परवानगीनं मागच्या बाकांवर बसतो. हे दाखवण्यासाठी मी गटाची तारीख दोनदा बदलून घेतली. वर्गात लिसिटेशन शिकवता येत नाही, ते बघावं लागतं.

इन्व्हेंटरी म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या इस्टेटीची न्यायालयात होणारी मोजदाद आणि वाटणी. घरातलं एक माणूस काबेसा द काझाल, म्हणजे इस्टेटीचा व्यवस्थापक होतं, बहुधा मागं राहिलेला जोडीदार. ते शपथेवर वारसांची नावं देतं आणि मालमत्तेची यादी देतं. मूल्यांकन होतं. मग सगळ्यांचं एकमत झालं तर ठीक, नाहीतर वारसांतल्या वारसांत लिलाव, तेच लिसिटेशन. बाहेरच्याला बोली लावता येत नाही. जास्त बोली त्याची वस्तू, आणि आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त घेतलं तर वरचे पैसे त्यानं बाकीच्यांना मोजायचे.

आज दोन भाऊ आणि एक बहीण आहेत. पण समोर सहाजण बसलेत. मुंबईचे अधिकारी मला हळूच विचारतात, ही बाकीची माणसं कोण? वारसांच्या बायका आणि बहिणीचा नवरा. लग्नानं मालमत्ता एकत्र झालेली, तेव्हा बहिणीला जे मिळेल त्यात तिच्या नवऱ्याचंही अर्धं. जावई इथं पाहुणा नसतो, पक्षकार असतो.

पहिली बाब नारळाचं भाट. ते थोरला भाऊ मूल्यांकनाच्या किमतीलाच घेतो, कोणी तोंड उघडत नाही. त्याच्या बोटांवरच्या चिरा बघितल्या तर तिथं कोण राबत आलाय ते कळतं. दुसरी बाब घर. मूल्यांकन २४ लाख. थोरला म्हणतो पंचवीस. बहीण पुण्याहून आलीय, सुती साडी, मांडीवर पर्स. ती खाली बघतच म्हणते, "तीस." कारकून लिहितो. धाकट्या भावाची बायको त्याच्या दंडाला हात लावते, तो एकतीस म्हणतो. बहीण, "पस्तीस." थोरला तिच्याकडे बघतो. ती त्याच्याकडे बघत नाही. छत्तीस, अडतीस, चाळीस. एक्केचाळीसवर दोघेही भाऊ गप्प होतात. कारकून रक्कम पुन्हा वाचून दाखवतो. घर बहिणीचं. मग सह्या: तिची आणि तिच्या नवऱ्याची. आईच्या खोलीतली सोन्याची साखळी शेवटची बाब होती, तिच्यावर तिघांनी आधीच तडजोड केलेली.

बाहेर पडताना कोल्हापूरकर म्हणतात, "आमच्याकडे हा वाटपाचा दावा नातवंडांपर्यंत गेला असता." त्यांना मी खुशीत राहू देत नाही. इथंही इन्व्हेंटऱ्या वर्षानुवर्षं रखडतात. एक वारस आखातात, दुसरा पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला, तिसऱ्याचा पत्ता कोणाला माहीत नाही. नोटिसा बजावता बजावता मूल्यांकन शिळं होतं. आणि आज दिसली तशी बहीण रोज दिसत नाही. बाप गेल्यावर भावासाठी हक्कसोड करून देणाऱ्या बहिणी गोव्यात कमी नाहीत. कायदा एवढंच म्हणतो की बाप जिवंत असताना वारसा सोडता येणार नाही. नंतर मात्र नोटरीपुढे सही केली की संपलं.

दुपारी १:३०

जेवण. सुंगटांचं हुमण चाखून सगळे थोडे सैल होतात, आणि अपेक्षेप्रमाणे विषय समान नागरी कायद्यावर येतो.

मला हा विषय जेवताना नको असतो, पण टाळता येत नाही. मार्च २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी गोव्याच्या संहितेचं कौतुक केलं होतं. नागपूरचा हा माणूस गोव्याच्या खंडपीठावर बसून ही संहिता चालवलेला होता, त्यांना तो अधिकार होता. बाकी जे नमुना म्हणून गोव्याकडे बोट दाखवतात त्यांच्यातल्या किती जणांनी ती उघडून बघितलीय, मला शंका आहे. कॅथलिकांच्या चर्चमधल्या लग्नाला १९४६ च्या एका हुकुमानं वेगळी वाट आहे. हिंदूंसाठी १८८० ची रूढींची संहिता आहे, तिच्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर, तिच्या संमतीनं, दुसरं लग्न करायची सोय लिहिलेली आहे. कोणी वापरत नाही, पण लिहिलेली आहे. आणि सामाईक मालमत्तेत अर्धं बायकोचं असलं तरी मूळ संहितेत कारभार नवऱ्याचा.

तरीही मुलगी आणि मुलगा यांना समान वाटा दीडशे वर्षांपूर्वी देणारा कायदा माझ्या घरात चालतो, याचा मला अभिमान आहेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आयकरच्या बाई म्हणतात, भाषण थांबवा आणि सोलकढी घ्या. घेते.

दुपारी ३:००

सिव्हिल रजिस्ट्रारचं कार्यालय. इथं एकाच खुर्चीत जन्म-मृत्यू-लग्नाची नोंदणी, दस्तनोंदणी आणि नोटरीचं काम चालतं. सिंधुदुर्गच्या निबंधकांना याचंच नवल वाटतं. मृत्युपत्र इथं नोटरीपुढे साक्षीदारांसमोर होतं. मग माणूस गेल्यावर ते खरं की खोटं यावर पाच वर्षं भांडण्याची वेळ बऱ्याच अंशी टळते.

काउंटरवर एक जोडपं लग्नाच्या नोंदणीच्या पहिल्या सहीला आलंय. मुलगी बेळगावची. मैत्रीण फोटो काढतेय. इथं आधी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, नोटीस लागते, मुदत गेली की दुसरी सही. लग्न कायद्यानं तेव्हा होतं. हॉल, मुहूर्त, अक्षता नंतर केव्हाही. मी माझ्या गटाला म्हणते, ज्यांना मालमत्ता वेगळी ठेवायचीय त्यांनी दुसऱ्या सहीच्या आत नोटरीपुढे करार करायला हवा. नंतर बदलता येत नाही. मुलीनं हे ऐकलं असावं. ती एकदा मागं वळून बघते आणि फॉर्म भरायला लागते.

मग जुनी वही. लिपिकानं ती आमच्यासाठी काढून ठेवलीय, मोठी, कातडी पुठ्ठ्याची. शाईनं काही ठिकाणी कागदच खाल्लाय. १९३० च्या दशकातलं खरेदीखत, हस्तलिखित पोर्तुगीज. प्रत मी सकाळीच वाटली होती, आता मूळ बघायचं. विकणारे कोण? नवऱ्याचं नाव, वय, व्यवसाय, गाव. आणि लगेच त्याच ओळीत बायकोचं नाव, वय, गाव. शेवटी नवऱ्याची सही देवनागरीत, जरा थरथरती. तिच्याखाली अंगठा, आणि तो अंगठा कोणाचा हे लिहून दुसऱ्यानं केलेली सही. निबंधक बाई त्या अंगठ्यावर बोट न टेकवता कितीतरी वेळ वाकून बघतात. त्यांचे सहकारी वेगळं बघतात: वर्णन क्रमांक, खातेपुस्तकाचं पान, चतुःसीमा. हे काम करणारी माणसं आहेत, त्यांना नेमकं काय बघायचं ते कळतं. आमचा उतारा एक-चौदाचा, त्यांचा सातबारा. पण त्याच्या मागं जुन्या पोर्तुगीज नोंदणीचा क्रमांक लागतो आणि तो जुळवावा लागतो, हे त्यांना दोन वाक्यांत कळतं.

अडचण वेगळी आहे. हे वाचणारी माणसं संपत चाललीत. माझ्या ज्येष्ठांनी मला शब्दकोश आणि लुईश द कुन्या गोंसाल्व्हिश यांच्या भाष्याचे खंड देऊन बसवलं होतं. पोर्तुगीज संहितेवरचं सर्वांत दांडगं भाष्य लिहिणारा माणूस मूळचा गोव्याचा, हे लिस्बनच्या वकिलांनाही सांगावं लागत नाही. आमच्याच तरुण वकिलांना सांगावं लागतं. इंग्रजी भाषांतरं आहेत, त्यांच्यावर काम भागतं, पण खतांचं भाषांतर कोणी करून ठेवलेलं नाही.

दुपारी ४:३०

शंकांचा तास. आयकरच्या बाईंना फक्त एक कलम हवंय, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं येतं: १९६१ च्या आयकर कायद्यातलं ५ए, १९९४ मध्ये घातलेलं. संहितेखालच्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं मोजायचं. घरभाडं, धंदा, व्याज, सगळं. त्या बाकीच्यांना समजावून सांगतात आणि मी खाली बसते. चांगला वर्ग असाच असतो, अर्धं शिकवणं विद्यार्थी करतात.

मुंबईचे अधिकारी विचारतात, मुलगा गोव्याचा, मुलगी सोलापूरची, लग्न पुण्यात नोंदवलं, राहायला बंगळूरला. मग? मी म्हणते, कागद आणा. अधिवास कोणाचा, लग्नाच्या वेळी कुठला, नंतर बदलला का, हे बघितल्याशिवाय याला एका ओळीत उत्तर देणारा वकील भेटला तर त्याला फी देऊ नका. उलट, कोल्हापूरच्या माणसानं पणजीत नुसता फ्लॅट घेतला म्हणून तो संहितेखाली येत नाही. हे मात्र एका ओळीत सांगता येतं.

संध्याकाळी ६:००

गाड्या निघतात. सिंधुदुर्गवाले पत्रादेवीच्या नाक्यावरून रात्रीपर्यंत घरी पोचतील. कोल्हापूरकर घाटानं जाणार म्हणून लवकर उठले. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी दोन दिवसांचं करा. मी वर लिहून कळवते दर वेळी. एक दिवस पुरत नाही, हे माझं ठाम मत आहे. लिसिटेशन आणि जुनी वही या दोन गोष्टींनाच एक पूर्ण दिवस हवा. पण प्रशिक्षणाचे दिवस वाढवायचे तर अधिकारी टेबल सोडून इतके दिवस येणार कसे, हेही खरं.

ऑफिसात येऊन उद्याच्या तारखा बघते. दोन इन्व्हेंटऱ्या, एक वारसदाखला.

वाचकांपैकी कोणी सावंतवाडीत, पुण्यात किंवा मुंबईत गोव्याच्या माणसाकडून घर-जमीन घेत असेल, तर विसार देण्याआधी विकणाऱ्याच्या लग्नाचा दाखला मागा आणि विवाहपूर्व करार झाला होता का ते विचारा. खरेदीखतावर नाव एकाचंच असलं तरी सह्या दोघांच्या घ्या. मालमत्ता वारशानं आलेली असेल तर इन्व्हेंटरीचा हुकूम किंवा नोटरीपुढचं वारसापत्र बघा, नुसत्या सातबाऱ्यावरच्या नावावर पैसे देऊ नका. आणि बापानं आपल्याच एका मुलाला विकलेली मालमत्ता आता तो मुलगा तुम्हाला विकतोय असं दिसलं, तर बाकीच्या मुलांची संमती लेखी मागा.